चोराच्या हाती निरोप

विषाणूसारखा निर्लज्ज पाहुणा दुसरा नसेल. त्याला ना चूल, ना भांडीकुंडी. एक आवरण आणि आत जनुकांची एक चिठ्ठी, एवढाच त्याचा संसार. पेशीच्या दाराशी येतो, बरोबर लागणारी किल्ली फिरवतो, आत शिरतो आणि घरच्याच मंडळींना आपल्या चिठ्ठीबरहुकूम कामाला जुंपतो. सर्दीपासून करोनापर्यंतचा सगळा पसारा याच कसबाचा. मग शास्त्रज्ञांच्या मनात आले, याच्या खिशातली चिठ्ठी काढून आपली घातली तर? ज्या पेशीत एखादे जनुक जन्मतःच बिघडलेले आहे, तिथे चांगले जनुक पोचवायला याच्याइतका तरबेज हरकाम्या मिळायचा कुठे?

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. विज्ञानाशी नाते फक्त वाचकाचे. या विषयाकडे मला ओढले ते जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने.

जेसी ॲरिझोनातल्या टूसॉनचा. त्याच्या यकृतात एक विकर पुरेसे तयार होत नसे, त्यामुळे प्रथिने पचताना निघणारा अमोनिया रक्तात साठे. या आजाराचे तीव्र रूप घेऊन जन्मलेली अर्भके फार जगत नाहीत. जेसीचा आजार सौम्य होता. पथ्य आणि रोजच्या ढीगभर गोळ्या यांवर त्याचे बरे चालले होते. प्रयोगातून आपल्याला काही मिळणार नाही हे त्याला ठाऊक होते. त्या बाळांना उपयोग होईल म्हणून तो तयार झाला.

१३ सप्टेंबर १९९९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याच्या यकृताच्या धमनीतून सर्दीच्या जातीचा, दुबळा केलेला ॲडेनोव्हायरस सोडण्यात आला. कण किती? ३८ लाख कोटी. शून्ये मोजण्यात हयात गेलेला मी, तरी हा आकडा दोनदा लिहून पाहिला. शरीराला निरोप्या ओळखू आला नाही, चोर तेवढा आला. प्रतिकारशक्ती खवळली, एकेक अवयव बंद पडत गेला आणि १७ तारखेला जेसी गेला.

पुढे चौकशी झाली. त्याचा अमोनिया विषाणू देण्याआधीच ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता. अशाच प्रयोगात माकडे दगावली होती, पण त्याने सही केलेल्या संमतिपत्रात त्याचा उल्लेख नव्हता. प्रयोगाचे प्रमुख जेम्स विल्सन यांचे या क्षेत्रातल्या एका कंपनीत हितसंबंधही होते. संचालकाचा संबंध असलेले प्रकरण आले, की त्याने चर्चेतून बाजूला व्हायचे, हा बँकेतला साधा नियम. कर्ज बुडाले तर पैसे जातात. इथे तर पोर गेले! वडील पॉल गेल्सिंगर यांनी २००० मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे हे सारे मांडले. मला त्यांचे फार कौतुक वाटते.

पॅरिसमध्ये याच सुमारास प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळांवर दुसऱ्या जातीचा विषाणू वापरला गेला. बहुतेक मुले सुधारली, पण काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. विषाणूने जनुक पोचवले, पण भलत्याच जागी खोचले होते.

गंमत म्हणा वा नियती, पुढचा चांगला निरोप्या विल्सन यांच्याच प्रयोगशाळेत सापडला. 'एएव्ही-९' हा माणसाला कसलाही ज्ञात आजार न देणारा गरीब विषाणू. स्नायू लुळे पाडणाऱ्या एसएमए या बालरोगावरचे, २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध त्याच्याच पाठीवरून जाते. तेव्हाची किंमत २१ लाख डॉलर. आपल्याकडे लोकवर्गणीची आवाहने वाचली असतील ना, ते 'सोळा कोटींचे इंजेक्शन' हेच. ते एकदाच देता येते. शरीर या विषाणूला ओळखून ठेवते, दुसऱ्यांदा दारातच अडवते. एकदाच म्हणून एवढे महाग, असे कंपनीचे समर्थन. मला ते पटत नाही. गरजवंताला पाहून व्याजदर ठरवणारा सावकार आणि हे, फरक कितीसा?

आपल्या पवईत मात्र वेगळे घडले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर उपचार काढला. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, विषाणूच्या हाती त्यांना कर्करोग ओळखण्याचे जनुक द्यायचे आणि परत शरीरात सोडायच्या. यासाठीचा विषाणू लेंटिव्हायरस, म्हणजे एड्सच्या विषाणूच्या कुळातला, दात काढलेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशाच्या मानाने खर्च सुमारे एक-दशांश. तरीही लाखांत, हेही खरेच.

आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. तिथे हिमोफिलिया असलेल्या पाच जणांच्या मूळपेशींत अशाच विषाणूने रक्त गोठवणारे जनुक घातले. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जरासे खरचटले तरी धास्तावणारी ही माणसे. उपचारानंतरच्या पाहणीच्या काळात त्या पाचांपैकी एकालाही रक्तस्राव झाला नव्हता.