सोऱ्यातली बिस्किटे
(बी. ए. द्वितीय वर्ष)

बिस्किट म्हटले की आपल्यासमोर कारखान्यातून आलेला पुडा उभा राहतो. चकली, शंकरपाळे, करंजी ही घरची आणि बिस्किट मात्र दुकानचे, अशी वाटणी आपण मनाशी केव्हाच करून टाकली आहे. ती खरी नाही. करंजीची पारी ज्या कारणाने खुसखुशीत होते, त्याच कारणाने बिस्किटही खुसखुशीत होते. आणि ज्या सोऱ्यातून चकली पडते, त्याच सोऱ्यातून लोण्याची उत्तम बिस्किटेही पडतात. ती कशी आणि का, हे या लेखात सांगावे असा विचार आहे. एका मुलाने वार्षिकांकात स्वयंपाकावर लिहावे याचे काहींना हसू येईल. पण आमच्या घरी सोऱ्या दाबायचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे, तेव्हा मला तेवढा अधिकार आहे असे मी समजतो.

बिस्किट आपल्या घरात सहजासहजी आलेले नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी तेथे उपस्थित होती. तेवढ्यावरून पुण्यात ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि कित्येकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता व १९४८ पर्यंत राहिला. हैदराबादच्या चहाबरोबर खाल्ले जाणारे उस्मानिया बिस्किट शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाने ओळखले जाते. नानकटाईच्या नावातला ‘नान’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ रोटी. म्हणजे हा पदार्थ अनेक हातांतून फिरत आपल्याकडे आला.

तो आपल्या घरचा केला तो मात्र भट्टीने. दिवाळीच्या किंवा ईदच्या आधी बायका मैदा, पिठीसाखर, डालडा आणि दूध घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात. साहित्य आपले, मजुरी भट्टीवाल्याची. मळलेला गोळा हाताने फिरवायच्या यंत्रात घातला की पुढून रेघांची लांब पट्टी बाहेर येई. तिचे बोटभर तुकडे करून पत्र्यावर मांडायचे आणि पत्रे भट्टीत सरकवायचे. तेलाचा रिकामा डबा भरून बिस्किटे घरी येत व महिनाभर पुरत. काही ठिकाणी ही पद्धत अजून चालू आहे. आमच्या अहमदपूर तालुक्यातल्या गावाहून मात्र भट्टी लांब. एवढ्याशा बिस्किटांसाठी एस.टी.चे भाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडवणे मायला परवडेना. म्हणून तिने लातूरच्या गंजगोलाईतून आणलेला पितळी सोऱ्या आणि घरची जाड कढई यांवर काम भागवायचे ठरवले.

आता मुख्य प्रश्न असा की, बिस्किट खुसखुशीत का होते? मैद्यात प्रथिने असतात. पाणी मिळून पीठ मळले गेले की त्यांचे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. पोळीची कणीक ताणली तरी तुटत नाही ती याच जाळ्यामुळे. पोळीला ते हवे, बिस्किटाला नको. पिठाच्या कणाकणाला आधीच तूप किंवा लोणी चोळले तर पाणी तेथे नीट पोहोचत नाही आणि जाळे तोकडे राहते. असे पीठ भाजले की दातांखाली चटकन मोडते. यालाच आपल्या बायका ‘मोहन’ म्हणतात. “लेकरा, मोहन कमी पडलं की वातड होतंय,” हे मायचे एक वाक्य, आणि वर मी लिहिलेला परिच्छेद त्याचाच विस्तार आहे.

करंजीत मोहन कडकडीत घालतात, बिस्किटात मात्र ते थिजलेले हवे. थिजलेले तूप किंवा मऊ लोणी साखरेबरोबर फेसले की साखरेच्या कणांमुळे त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. भाजताना ही हवा प्रसरण पावते आणि बिस्किट हलके होते. पातळ तुपात हवा टिकत नाही. तूप व लोणी साधारण आपल्या अंगाच्या उष्णतेला वितळते आणि आपल्याकडचा उन्हाळा तर चाळीस अंशांच्या वर जातो. म्हणून हे काम थंडीच्या दिवसांतले. उन्हाळ्यात करायचेच झाले तर भल्या पहाटे, फेसण्याचे पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून करावे.

कोणते मोहन घ्यावे, हा पैशाचाही प्रश्न आहे. भट्टीवर डालडा जाई, कारण तो स्वस्त आणि उन्हाळ्यातही घट्ट. १९३७ साली बाजारात आलेले हे एका मालाचे नाव पुढे सगळ्या वनस्पती तुपाचेच नाव होऊन बसले. लातुरात ‘डालडा फॅक्टरी’ हे शब्द आजही लोकांच्या तोंडी आहेत. पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करतात. ही क्रिया अर्धवट राहिली की ट्रान्स फॅट नावाचे स्निग्ध पदार्थ तयार होतात. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, चांगले कमी करतात आणि हृदयविकाराला निमंत्रण देतात. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपातील या ट्रान्स फॅटचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. तरीही चवीचा विचार केला तर लोण्याची सर वनस्पतीला नाही. आम्ही कमी करतो, पण लोण्याची करतो.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पिठीसाखर, तेही वजनाने. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम विकतचे बिनमिठाचे लोणी आणि १०० ग्रॅम पिठीसाखर घेतली की लहान आकाराची पन्नासेक बिस्किटे होतात. विकतच्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असून उरलेले बहुतांश पाणी असते. साजूक तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. म्हणून २०० ग्रॅम लोण्याऐवजी १६० ग्रॅम थिजलेले तूप पुरते, मात्र मळताना दोन-तीन चमचे दूध जास्त लागते. घरच्या ताज्या लोण्यात ताक राहिलेले असते. ते गार पाण्याने दोनदा धुऊन, पाणी निथळून मग वापरावे. चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड घालावी. सोडा घालू नये. सोड्याने बिस्किट पसरते आणि सोऱ्याने उमटवलेल्या रेघा पुसल्या जातात. साखर जास्त झाली तरी तेच होते.

लोणी व साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत हाताने फेसावी. मग चाळलेला मैदा घालून हलक्या हाताने गोळा करावा. येथे पोळीच्या कणकेसारखे तिंबायचे नाही, कारण तिंबण्याने तेच चिवट जाळे तयार होते. गोळा कोरडा वाटला तर चमच्याचमच्याने दूध घालावे. सोऱ्यात चांदणीची किंवा दातेरी पट्टीची चकती बसवून गोळा भरावा. तो घट्ट असेल तर पट्टी तुटत येते व दाबणाऱ्याचे मनगट दुखते. सैल असेल तर पट्टी सरळ येते, पण कढईत गेल्यावर बसते. भाकरीच्या पिठापेक्षा मऊ आणि चकलीच्या पिठाइतका लवचीक गोळा बरोबर समजावा. ताटलीला तूप लावू नये. कोरड्या ताटलीला पट्टी चिकटते, त्यामुळे सोऱ्या उचलताना ती बरोबर उठून येत नाही. तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडावी.

भट्टीऐवजी जाड कढई घ्यावी. तळाशी बोटभर जाडीचा मिठाचा किंवा स्वच्छ कोरड्या वाळूचा थर द्यावा, त्यावर एक तिवई ठेवावी आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापू द्यावे. मीठ किंवा वाळू आचेचा तडाखा स्वतः सोसते आणि उष्णता सगळीकडे सारखी देते. मग ताटली तिवईवर ठेवून आच मंद करावी. वीस ते पंचवीस मिनिटांत कडा बदामी होतात. पूर्वी चुलीवर करताना झाकणावरही निखारे ठेवत, म्हणजे वरूनही भाजले जाई. ज्यांच्याकडे विजेची भट्टी आहे त्यांनी १८० अंश सेल्सिअसवर दहा-बारा मिनिटे भाजावीत. गरम बिस्किट मऊ लागते, म्हणून ते कच्चे समजून पुन्हा आत घालू नये. निवल्यावर स्निग्धांश थिजतो, उरलेली वाफ निघून जाते आणि मग ते कुरकुरीत होते. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये, नाही तर सादळते.

आमच्याकडे हा डबा एस.टी.ने नांदेडला येतो. जेवणाचे डबे गावाहून एस.टी.ने येतात, तसाच हाही. सुरुवातीला तो माझ्या खोलीपुरता होता. पुढे शेजारच्या खोल्यांतली मुले पैसे देऊन मागू लागली, आणि आता माझी परीक्षेची फी आणि खोलीच्या भाड्यातला काही भाग या डब्यातून निघतो. गावातल्या एका गृहस्थांनी वडिलांना ऐकवले, “पोरगं कॉलेजात घातलं अन् बिस्किटं करायला शिकलं व्हय?” वडील मोंढ्यात हमाली करतात. ते काही बोलले नाहीत. मला मात्र त्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटते.

हिशेब मांडायला मी कॉलेजात शिकलो. मैदा, लोणी, साखर, गॅस, एस.टी.चे भाडे असा खर्च मांडून नफा काढला. वही पाहून माय म्हणाली, “ह्याच्यात माझी रोजी कुठं हाय?” वहीत तो रकानाच नव्हता. घरात बसून केलेल्या कामाला रोजी असते हे आपल्या अनेक हिशेबांत येत नाही, मग ते हिशेब गावातले असोत की पुस्तकातले. आता तो रकाना आहे, आणि तो भरल्यावर नफा बराच कमी दिसतो. पण खरा दिसतो. माय चौथीपर्यंत शिकली. प्रथिनांचे जाळे, स्निग्धांशाची टक्केवारी हे शब्द तिला मी सांगितले. त्या शब्दांमागची गोष्ट तिच्या बोटांना आधीच ठाऊक होती. आमच्या घरात पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या माणसाने घरचे ज्ञान उंबऱ्याबाहेर ठेवून यावे असे मला वाटत नाही. त्याला नाव द्यावे, त्याचे मोल मांडावे, एवढे शिक्षणाने व्हायला हवे.

ज्या वाचकांना करून पाहायचे असेल त्यांना शेवटी एवढेच सांगतो. पहिला घाणा पाच-सहा बिस्किटांचाच लावावा. पसरली तर गोळ्यात दोन चमचे मैदा घालावा, फुटली तर चमचाभर दूध घालावे, आणि मगच बाकीची सोऱ्यातून पाडावीत.