जुन्या युनिक्स सर्व्हरची स्मृतिगळती

डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाची दिशा आखून दिली आणि त्यानंतर देशभरात युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांना मोठी मागणी आली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही प्रणाली एकाच यंत्रावर अनेकांची कामे सांभाळते आणि महिनोन्महिने न थांबता चालते, हेच तिचे बलस्थान; मात्र याच अखंडतेमुळे तिच्यावरील जुन्या प्रोग्रामांमधला मेमरी लीक, म्हणजे स्मृतिगळती, हा दोष हळूहळू वर येतो.

सी भाषेतला प्रोग्राम गरजेप्रमाणे ‘मॅलॉक’ या आज्ञेने स्मृतीचा तुकडा मागून घेतो आणि काम संपल्यावर ‘फ्री’ने तो सोडतो. सोडण्याची ही आज्ञा एखाद्या वाटेवर लिहायची राहून गेली, तर त्या वाटेने होणाऱ्या प्रत्येक व्यवहारागणिक थोडी स्मृती अडकून पडते आणि प्रोग्राम बंद होईपर्यंत सुटत नाही. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची संगणकप्रणाली ४ नोव्हेंबर १९९२ रोजी बंद पडली ती याच कारणाने: प्रत्येक रुग्णवाहिका रवाना करताना सर्व्हरमधली थोडी स्मृती अडकत होती आणि सुमारे तीन आठवड्यांत ती पुरती संपली. गळती दिवसांवर नव्हे, कामाच्या संख्येवर वाढते, ही यातली महत्त्वाची बाब होय. बुलढाणा जिल्ह्यातील खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेत आवकेच्या हिशोबाचा प्रोग्राम असा गळका असेल, तर उन्हाळ्यात महिनाभर तग धरणारे यंत्र ऐन हंगामात आठवड्यातच गुदमरेल.

निदान मात्र घाईने करता येत नाही. ‘पीएस’ ही आज्ञा प्रत्येक प्रक्रियेने, म्हणजे चालू प्रोग्रामने, व्यापलेली स्मृती दाखवते. पण सोडलेले तुकडे पुढच्या वापरासाठी प्रक्रियेकडेच राहत असल्याने फुगलेला आकडा हा गळतीचा पुरावा ठरत नाही. ठरावीक वेळी घेतलेल्या नोंदींत आकडा चढून एका पातळीवर स्थिरावला तर ती प्रोग्रामची खरी गरज असते, आणि कामाच्या प्रमाणात चढतच राहिला तर गळतीचा संशय बळावतो. म्हणून ‘क्रॉन’ या वेळापत्रकाच्या सोयीने तासातासाला आकडे फाइलमध्ये नोंदवणे हे पहिले काम.

मूळ कोड हाती असेल तर दोष शोधून दुरुस्त करणे हाच खरा उपाय. पण जुन्या यंत्रांच्या बाबतीत कोड लिहिणारी कंपनी बरेचदा उरलेली नसते. मग उरतो तो नियोजित पुनरारंभ, म्हणजे प्रोग्राम ठरवून बंद करून पुन्हा सुरू करणे. बेल लॅब्जमधील यनुन हुआंग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली, आणि अपाची या वेब सर्व्हरमध्येही ठरावीक विनंत्यांनंतर उपप्रक्रिया निवृत्त करण्याची सोय आहे. तेव्हा या उपायात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो यंत्र अडखळले की बटण दाबून मोकळे होण्यात. पुनरारंभ डे-एंडनंतर, म्हणजे दिवसाचे व्यवहार मिटवल्यावर, करावा आणि प्रक्रियेला ‘टर्म’ संकेत देऊन फाइली मिटवण्यास अवधी द्यावा. ‘किल -९’ने ती जागीच संपवली, तर तिची स्वतःची स्मृती सुटते, परंतु अनेक प्रक्रियांनी वाटून घेतलेले सामायिक स्मृतीचे खंड तसेच मागे राहतात, ते ‘आयपीसीएस’ने पाहून, जोडलेल्या प्रक्रियांचा आकडा शून्य असल्याची आणि प्रोग्रामला त्यांची गरज उरली नसल्याची खात्री करून ‘आयपीसीआरएम’ने काढावे लागतात. या बारकाव्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुनरारंभानंतरही स्मृती कमीच भरते आणि दोष नाहक यंत्राच्या माथी मारला जातो. पुनरारंभ लांबवत राहिल्यास आयबीएमची एआयएक्स ही युनिक्स तर पेजिंगची जागा, म्हणजे डिस्कवरील पूरक स्मृती, संपत आली की प्रक्रियांना आधी धोक्याचा संकेत देते आणि तरीही जागा पुरली नाही तर प्रक्रिया मारू लागते. त्यात नेमकी मुख्य प्रक्रिया बळी पडण्याची शक्यता असते.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ही शिस्त अधिकच गरजेची: बुलढाणा शहर रेल्वेमार्गावर नाही आणि मुंबई-हावडा मार्गावरचे मलकापूर स्थानक गाठायला घाट उतरावा लागतो. अशा ठिकाणी जुन्या यंत्राचा सुटा भाग किंवा जाणकार अभियंता तातडीने मिळेल हे गृहीत धरता येत नाही, त्यामुळे नोंदींचे मोल इथे अधिक. जिल्ह्यातील ज्या पतसंस्था, बाजार समित्या वा कार्यालयांत असे यंत्र अजून चालू असेल, त्यांनी पुनरारंभाची वेळ, स्मृतीचे आकडे आणि विदा नव्या यंत्रावर हलवण्याची तारीख एकाच वहीत लिहून ठेवावी आणि ती वही सर्व्हरशेजारीच ठेवावी.