माशांच्या खाद्याला बुरशी लागली तर?

शेततळ्यात रोहू-कटला पाळता? मग खाद्याची पोती उघडून पाहा. भुईमुगाची पेंड किंवा मका दमट जागी राहिला की त्यावर बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. त्याने माशांची वाढ खुंटते, यकृत बिघडते. माणसात हेच विष यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे.

बुरशी झटकून, उन्हात वाळवून किंवा शिजवूनही विष पूर्ण जात नाही. असे खाद्य गाईलाही घालू नका. विष दुधात उतरते. ते नष्टच करा.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. माशाच्या मांसापेक्षा यकृतात हे विष जास्त साठते. म्हणून मासे साफ करताना यकृत काढून टाका.