कार्मेलच्या पायथ्याशी कोकणचा मलिदा

आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, घाण्यावर तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला बेने इस्राएल हा मराठीभाषक यहुदी समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलमध्ये जाऊन लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा शहरांत स्थायिक झाला. धर्मदृष्ट्या ही पूर्वजांची भूमी असली, तरी भाषा, स्वयंपाक आणि शेजार या बाबतींत ती परकीच होती. आणि तेथे या समाजाने कोकणातून नेऊन जपलेल्या विधींत ‘मलिदा’ अग्रस्थानी आहे.

मलिदा हे विधीचेही नाव आहे आणि त्यातील प्रसादाचेही. एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलमधील संदेष्टा एलिया, याच्या स्मरणार्थ लग्नकार्यात, गृहप्रवेशाला, नवस फेडताना किंवा दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, तसेच यहुदी पंचांगातील शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी तो केला जातो. धुऊन निथळलेल्या पोह्यांत ओल्या नारळाचा चव, गूळ किंवा साखर, वेलदोड्याची पूड आणि सुका मेवा कालवून त्याची ताटात रास करतात व भोवती फळे मांडतात. हिब्रू प्रार्थना आणि एलियाहूचे स्तवन झाल्यावर झाडाचे फळ, जमिनीचे फळ आणि सुगंध यांसाठी वेगवेगळे आशीर्वचन म्हटले जाते. धर्मशास्त्रानुसार केळे झाडाच्या नव्हे, तर जमिनीच्या फळांत मोडते. अशा रीतीने ताटातील जिन्नस कोकणचे आणि त्यांवरील मंत्र हिब्रू, ही सांगड इतकी सहज आहे की त्यातील एक बाजू मूळची आणि दुसरी उसनी ठरविणे अन्यायाचे होईल. नववर्षाचा, म्हणजे रोश हशानाचा, हलवाही असाच नारळाच्या दुधात शिजतो, कारण मांस आणि दूध एका जेवणात न घेण्याचा नियम त्यामुळे आपोआप पाळला जातो.

एलियाहू अलिबागजवळच्या खंडाळे गावातून स्वर्गारूढ झाला आणि त्याच्या रथाच्या खुणा तेथील खडकावर उमटल्या, अशी या समाजाची श्रद्धा आहे. इस्राएलमध्ये खंडाळे नव्हते. परंतु हैफा शहरात कार्मेल पर्वताच्या पायथ्याशी एलियाची म्हणून मानली जाणारी गुहा होती आणि नवसाची वाट तिकडे वळली.

इस्राएलमधील स्थिरता सहजासहजी आली नाही. प्रारंभीच्या काळात रोजगार व घरांबाबत भेदभाव होत असल्याची तक्रार करीत काही कुटुंबे १९५२ च्या सुमारास भारतात परतली. पुढे १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले, त्याविरुद्ध या समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या समान दर्जाचा पुरस्कार केल्यावर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. ज्या काळात लग्नासाठी वंशाचा दाखला मागितला जात होता, त्या काळात मलिद्याला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती. तो घरातील वडीलधाऱ्यांनी, घरच्याच ताटात, आप्तांच्या साक्षीने करावयाचा विधी होता. त्याच्या टिकाऊपणाचे मुख्य कारण येथेच शोधले पाहिजे.

आता त्या घरांतील नातवंडांची पहिली भाषा हिब्रू आहे. पोहे मिळतात, पण ‘नव्याचा सण’, ‘बिरड्याचा सण’ ही सणांची कोकणी घडणीची नावे आणि बायकांची मराठी गाणी मुख्यतः वृद्धांच्याच स्मरणात उरली आहेत. मराठी विद्यापीठांनी आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ती त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, आणि हे काम याच पिढीच्या हयातीत व्हावे.