मंगळावरील अपघात आणि धानाची बांधी

आषाढात सावली तालुक्यातील धानाच्या बांध्या रोवणीसाठी पाण्याने भरतात. काठावरून पाहिले की त्यांत आभाळच दिसते. अशा बांधीवरून ड्रोन नेला, तर त्याला खाली काय दिसेल? हा प्रश्न सोडवला की मंगळावरील एका अपघाताचे कारण समजते.

ड्रोनला आपली जागा मुख्यतः उपग्रहांच्या संदेशांवरून कळते. दाट झाडीत हे संदेश क्षीण होतात. अशा वेळी, उंची कमी असेल तर, अनेक ड्रोनना पोटाखालचा कॅमेरा मदत करतो. दगड, धुरे, गवताचे पुंजके या खुणा चित्रात किती सरकल्या, यावरून वेग काढला जातो. आगगाडीतून खांब पाहून आपणही वेगाचा अंदाज करतोच की! पण संथ पाण्यावर पक्क्या खुणा नसतात. ढगांचे प्रतिबिंब असते, तेही हलते. मग ड्रोन भरकटू शकतो.

मंगळावर तर दिशा दाखवणारे उपग्रहच नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या १.८ किलोग्रॅमच्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरची भिस्त खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यावर होती. १९ एप्रिल २०२१ रोजी ते प्रथम उडाले. ठरली होती फार तर पाच उड्डाणे, झाली ७२! १८ जानेवारी २०२४ रोजी ते १२ मीटर वर गेले आणि उतरताना संपर्क तुटला. संपर्क पुन्हा जुळला, तेव्हा छायाचित्रांत पाती मोडलेली दिसली.

तेथे ना साक्षीदार, ना विमानातली काळी पेटी. जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील तज्ज्ञांनी मिळालेल्या नोंदी व छायाचित्रे तपासली. पाती जमिनीला लागली असावीत, अशी आधी शंका होती. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष निराळा होता. खाली वाळूच्या एकसारख्या लाटा होत्या. कॅमेऱ्याला पुरेशा खुणा मिळेनात, म्हणून वेगाचा हिशेब चुकला. हेलिकॉप्टर आडव्या वेगासह उतारावर आदळून कलंडले आणि त्या हिसक्यानेच बहुधा पाती मोडली.

हे तुम्हीही पडताळू शकता. कागदाची नळी एका डोळ्याला लावा, दुसरा मिटा. मित्राला नळीसमोर वर्तमानपत्र सरकवू द्या. त्याची दिशा लगेच सांगाल. आता मोठा कोरा कागद सरकवू द्या. तो हलतो की स्थिर आहे, हेही सांगता येणार नाही. तुमचा डोळा तर बिघडलेला नाही!

म्हणून ड्रोन हरवला, तर यंत्रात काय बिघडले एवढेच विचारू नका. त्या क्षणी यंत्राला काय दिसत होते, हेही विचारा.