ठोके घटले, पुढे काय?

वसईत काष्ठौषधींच्या दुकानात मिळते ना, ती जटामांसी चीनमध्ये 'वेनशिन केली' या औषधात घालतात. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर तिथे हे औषध देतात. त्यावरचे पेपर वाचताना आधी बघा: मोजलंय काय? बरेचदा 'जादा ठोके किती घटले' एवढंच.

इथे जपून! 'कास्ट' चाचणीचे निकाल १९९१ साली आले. हार्ट अटॅक येऊन गेलेले १,४९८ रुग्ण. साधारण निम्म्यांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड, बाकीच्यांना प्लासिबो. या औषधांनी जादा ठोके दबतात, हे त्यांच्यात आधी तपासून घेतलं होतं. तरीही औषधाच्या गटात ६३ जण दगावले, प्लासिबोच्या गटात २६.

म्हणून संशोधन-प्रश्न लिहितानाच ठरवा: ईसीजी सुधारला का हे विचारायचंय, की माणूस जगला का?