निवासी जोडगाडी
निवासी जोडगाडी : मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून नेता येणारी, स्वतःचे एंजिन नसलेली व आत झोपण्याची सोय असलेली गाडी. हिच्या अनेक प्रकारांपैकी सर्वांत लहान प्रकाराची पुढील बाजू गोलाकार व मागील बाजू निमुळती असते. बाजूने पाहिल्यास हा आकार अश्रुबिंदूसारखा दिसतो. म्हणून तिला ‘टियरड्रॉप’ म्हणजे अश्रुबिंदू जोडगाडी म्हणतात. तिची लांबी सु. २.४ मी., रुंदी व उंची प्रत्येकी सु. १.२ मी. असून आत दोन प्रौढ व्यक्ती झोपू शकतात. मात्र उभे राहता येत नाही. स्वयंपाकाचा ओटा मागील उघडझाप करणाऱ्या झाकणाखाली असतो व स्वयंपाक बाहेर उभे राहून करतात. ही गाडी सुट्या भागांच्या संचापासून घरच्या घरी उभारता येते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : हौशी प्रवासासाठी बांधलेल्या निवासी गाड्यांपैकी आरंभीची एक प्रसिद्ध गाडी म्हणजे ‘वाँडरर’. ब्रिटिश नौदलातील निवृत्त डॉक्टर व लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ती ब्रिस्टल येथे बांधवून घेतली होती. ती घोडे ओढीत. मोटारगाडीचा प्रसार झाल्यावर १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत अश्रुबिंदू जोडगाडी रूढ झाली. याच सुमारास वॉली बायम यांनी जोडगाडीचे आराखडे विकण्यास प्रारंभ केला. विनाएंजिन विमानांचे अभिकल्पक हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये विमानाच्या धर्तीवर, रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची निवासी गाडी तयार केली. बायम यांची ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ (१९३६) ही त्याच पद्धतीची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमचा पत्रा मुबलक मिळू लागला व १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकन मासिकाने अश्रुबिंदू गाडीचा आराखडा प्रसिद्ध केला. १९६० नंतर मोठ्या गाड्यांमुळे हा प्रकार मागे पडला. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याचे पुनरुज्जीवन झाले आहे.

रचना व बांधणी : गाडीचे पोलादी तळचौकट, लाकडी सांगाडा व ॲल्युमिनियमचे आवरण असे तीन मुख्य भाग असतात. चौकटीखाली आस, चाके व कमानी आणि पुढे ओढदांडा असतो. प्रथम चौकट काटकोनात आहे किंवा नाही हे तपासावे लागते. २.४४ × १.२२ मी. मापाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे प्रत्येकी सु. २.७३ मी. भरले पाहिजेत. त्यांत फरक राहिल्यास पुढे दारे व मागील झाकण नीट बसत नाहीत आणि तेथून पाणी झिरपते. प्लायवुडचा बाजारातील पूर्ण तक्ता याच मापाचा असल्याने जमीन एका तक्त्यातून निघते. त्यानंतर बाजूच्या भिंती व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवितात. वीजतारा व उष्णतारोधक थर घातल्यावरच पत्रा चढवितात, कारण नंतर सांगाड्यात हात घालता येत नाही.

ॲल्युमिनियमची निवड मुख्यतः हलकेपणासाठी केली जाते. गाडीच्या आवरणास सु. १० चौ. मी. पत्रा लागतो असे धरल्यास १ मिमी. जाडीच्या ॲल्युमिनियमचे वजन सु. २७ किग्रॅ. होते, तेवढ्याच पोलादी पत्र्याचे सु. ७८ किग्रॅ. भरते. ॲल्युमिनियम लोखंडाप्रमाणे गंजत नाही. त्याचे दोषही ध्यानात घ्यावे लागतात. उष्णतेने ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. छताचा ४ मी. लांबीचा सलग पत्रा हिवाळ्यातील पहाटे १०° से. व उन्हाळ्यातील दुपारी ६०° से. असा तापल्यास त्याची लांबी सु. ४.६ मिमी.ने वाढते. खालचे लाकूड त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून पत्रा लाकडाला सर्वत्र चिकटवून टाकीत नाहीत. तो केवळ कडांच्या पट्ट्यांखाली दाबून धरतात. याकडे दुर्लक्ष झाल्यास पत्र्याला फुगवटे येतात. लोखंड व ॲल्युमिनियम यांचा ओलाव्यात संपर्क आल्यास ॲल्युमिनियम झिजते. यास्तव रिव्हेट ॲल्युमिनियमचे वापरतात आणि पोलादी चौकट व पत्रा यांमध्ये रंगाचा वा रबराचा थर ठेवतात.

तोल : गाडीची सुरक्षितता मुख्यतः तोलावर अवलंबून असते. एकूण भाराच्या सु. १० ते १५ टक्के भार पुढील जोडणीवर पडावा, असा नियम आहे. म्हणजे ४०० किग्रॅ. वजनाच्या गाडीत तो ४० ते ६० किग्रॅ. असावा. हा भार कमी पडल्यास वेगात गाडी डावी-उजवीकडे झुलू लागते व हा झोका वाढत जाऊन ओढणारी मोटारगाडीही उलटू शकते. भार फार झाल्यास मोटारगाडीची मागील बाजू दबते व पुढील चाकांची रस्त्यावरील पकड कमी होते. मराठी गाडीवानास यातील तत्त्व जुन्या काळापासून परिचित आहे. मागे जास्त माल भरलेली बैलगाडी ‘उलाळ’ होते. तिचे जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्यांतील पट्टे ताणले जातात. निवासी गाडीत ओटा, पाणी व भांडी मागे असल्यामुळे ती उलाळ होण्याचा धोका विशेष असतो. म्हणून आस मध्यापासून थोडी मागे बसवितात.

हवामान व वायुवीजन : परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या ठिकाणी मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४२° से.च्या वर जाते, तर हिवाळ्यात पहाटे कडाक्याची थंडी पडते. त्यामुळे पत्र्याच्या आत २ ते २.५ सेंमी. जाडीचा उष्णतारोधक थर येथे अत्यावश्यक ठरतो. थंड रात्री झोपलेल्यांच्या श्वासातील बाष्प पत्र्यावर साचून लाकूड कुजते. खाली व वर एकेक झरोका ठेवल्यास हे टळते. बंद गाडीत शेगडी वा स्टोव्ह पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड वायूने मृत्यू ओढवू शकतो. म्हणून आत स्वयंपाक करणे सर्वथा वर्ज्य आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : चाकांवरील संसार महाराष्ट्रास नवा नाही. घिसाडी समाजातील कुटुंबे भाता, ऐरण व संसार बैलगाडीत घालून गावोगाव फिरत आली आहेत. बीड, परभणी, जालना इ. जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडी साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात आणि हंगामाचे काही महिने बांबू, पाचट व ताडपत्री यांच्या कोपीत राहतात. त्यांच्या टायरगाडीत ऊस मावतो. निवारा मात्र दर मुक्कामी नव्याने उभारावा लागतो. हौशी प्रवासाच्या क्षेत्रात राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

बांधणीस लागणारे कौशल्य तालुक्याच्या गावीही दुर्मिळ नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली बांधणारा कारागीर तळचौकट जोडू शकतो आणि खिडक्या-दारांचे ॲल्युमिनियम काम करणारा पत्रा चढवू शकतो. अडचण कायद्याच्या बाजूने येऊ शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार जोडगाडी हेही मोटार वाहनच होय व नोंदणीशिवाय ते सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून संच विकत घेण्यापूर्वीच आराखडा परिवहन कार्यालयास दाखवून नोंदणीची शक्यता जाणून घेणे हिताचे असते.

अश्रुबिंदू गाडी दोघांच्या सहलीसाठी आहे; मुलाबाळांसह स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास ती पुरणार नाही. तथापि हलके आवरण, उष्णतारोधक थर, झरोके व सुटे करून पुन्हा जोडता येणारे भाग ही तिची तत्त्वे हंगामी कामगारांच्या फिरत्या निवाऱ्यासही लागू पडतात, व त्या दृष्टीने तिचे महत्त्व हौशी प्रवासापुरते मर्यादित राहत नाही.